दोन काचांच्या मधली जागा

बाकी सगळ्या खिडक्या धुऊन झाल्या होत्या. राहिली होती नवऱ्याच्या, ओनुफ्रीच्या खोलीतली, आणि ती मेलानियाने मुद्दामच शेवटी ठेवली होती. उद्या चोख गुरुवार. ईस्टरच्या आधीच्या या गुरुवारी सूर्य उगवायच्या आत घर लख्ख झालं पाहिजे, हा चेर्निव्त्सी शहरातल्या बायकांचा जुना कायदा. खरं सांगायचं तर मेलानियाला आता काहीच धुवायचं नव्हतं. तिला झोपायचं होतं.

आठ वर्षं ती नीट झोपली नव्हती. नवऱ्याने अंथरूण धरलं तेव्हापासून त्याचा पलंग या खिडकीशी होता आणि त्याच्या हातात चहाचा चमचा. पाणी हवं, काचेवर टकटक. उशी सरकली, टकटक. मेलानिया गाढ झोपेत असली तरी "आले, आले" म्हणत धावायची. जानेवारीत तो गेला आणि दफनाच्या धांदलीत तो चमचाही कुठे गेला कोण जाणे. मेलानियाने फारसा शोधला नाही. उद्या लेक दारिना तान्ह्या बाळाला घेऊन येणार होती. पाळणा याच खोलीत आणून ठेवला होता. "आई, मी आले की तू नुसती झोप काढ," असं लेक फोनवर म्हणाली होती. त्या एका वाक्याच्या जोरावर बाईचे हात चालले होते.

खिडकीला दोन झडपा, आतली आणि बाहेरची, मध्ये वीतभर जागा. थंडीच्या आधी त्या जागेत तिने कापूस अंथरला होता, शोभेला वर लाल फळं, ओल ओढायला कपभर मीठ. मग फटींवर मैद्याच्या खळीने कागदाच्या पट्ट्या. लोक आतल्याच झडपेला लावतात. ओनुफ्रीला वाऱ्याची झुळूक सोसायची नाही, म्हणून ती दोन्हींना लावायची.

कोमट पाण्याने पट्ट्या भिजवून ती सुरीने खरवडत होती. काचेवर एक डाग होता. तिने पुसला. पुन्हा व्हिनेगर लावून, रद्दीच्या बोळ्याने घासला. जाईना. मग लक्षात आलं की डाग या काचेवर नाहीच, पलीकडच्या काचेवर आहे.

आतली झडप उघडून तिने पाहिलं. हाताचा ठसा होता. बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला तळवा टेकवून कुणीतरी जोर लावलेला. करंगळीच्या जागी काही नव्हतं.

ओनुफ्रीची करंगळी तरुणपणीच लाकडाच्या वखारीत गेली होती.

शरदात काच मीच धुतली, तिने मनाशी हिशेब केला. तेव्हा त्याला कूसही बदलता येत नव्हती. खाली कापूस दोन ठिकाणी दबला होता. पाय ठेवून कुणी बराच वेळ उभं राहिल्यावर दबेल तसा.

"मेलानिया, चाळण आहे का गं? माझी फाटली मेली!" शेजारची पारास्का दार ढकलून आत आली. ओनुफ्रीला शेवटची आंघोळ हिनेच घातली होती. ठसा पाहून तिने खिडकीपाशी येऊन त्याची बोटं मोजली.

"त्या दिवशी मी सांगितलं होतं. जीव गेला की त्याला वाट द्यायला खिडकी उघड," ती हळूच म्हणाली. "उघडली होतीस ना?"

"उघडली की."

"दोन्ही?"

मेलानियाने फडकं पिळलं. "आतली उघडली. बाहेर बर्फ होतं, पारास्कामावशी. पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. थोड्या वेळाने लावून परत पट्ट्या चिकटवल्या."

"अगं बये! म्हणजे त्याला माजघरातून काढलंस आणि ओसरीत कोंडलंस!"

"तीन महिने?"

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तुझाच नवरा तो, वाट बघत बसला असेल तू धावत येण्याची. उघड आता!"

बाहेरची झडप फुगून बसली होती. दोघींनी मिळून ओढली तेव्हा ती कण्हत आत आली. गल्लीत वारा नव्हता. पडदा मात्र बाहेर खेचला गेला, क्षणभर ताठ राहिला आणि खाली पडला.

"सुटला बिचारा," पारास्काने छातीवर क्रूसाची खूण केली. "तूही सुटलीस. झोप आता."

ती चाळण घेऊन गेली. मेलानियाने ठसा पुसला. एका पुसण्यात गेला. कापूस टाकून दिला. दोन्ही काचा लख्ख केल्या, झडपा लावल्या, कड्या घातल्या. ऊन उतरलं होतं. पलंगाच्या कडेला ती टेकली आणि आठ वर्षांचा शीण एकदम पापण्यांवर आला.

टकटक.

चमचा काचेवर वाजतो तसा आवाज.

खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बाहेर ना सज्जा, ना झाड.

टकटक.

बाहेरच्या काचेवर वाफ धरली होती. बाहेरच्या बाजूने. वाफेत चार बोटं उमटली.

बाहेर गारठा होता. त्याला तर झुळूकही सोसत नसे.

"आले," मेलानिया म्हणाली. "आले, आले."

तिने आधी पाळणा भिंतीकडे सरकवला. पलंगावरची रजई एका बाजूने उलगडून ठेवली. मग दोन्ही झडपांच्या कड्या काढल्या.