तिसऱ्या रविवारचा आकडा

लातूरहून नांदेडला येणाऱ्या एसटीत खिडकीची एकच जागा मोकळी दिसली, आणि तिथं घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी ऐटीत बसलं होतं. शेजारी एक तरुण. त्याचा एक हात त्या गाठोड्याच्या खांद्यावर.

“हे उचला की,” मी म्हटलं.

“त्याचं तिकीट काढलंय,” तो म्हणाला. “फुल.”

कंडक्टरनंही मान डोलावली. बायकांना अर्धं तिकीट, गाठोड्याला पूर्ण. म्हणजे त्याचा हक्क माझ्यापेक्षा दुप्पट. मी दांडा धरून उभी राहिले. चाकूर येईपर्यंत त्या तरुणाला लाज वाटली. त्यानं गाठोडं मांडीवर घेतलं आणि मला खिडकी दिली.

घोंगडीत कॉम्प्युटरचा डबा होता. मालकाचं नाव रुद्रेश. वडील वीरभद्र अप्पा, लातुरात मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान. मुलाला मात्र इंजिनिअर लोकांना घरांची थ्रीडी चित्रं करून द्यायची होती. एका चित्राला नऊ तास लागत, म्हणून व्हिडिओ बघून त्यानं प्रोसेसरचा वेग वाढवला. तेव्हापासून यंत्र दहा मिनिटांत आपोआप बंद पडत होतं. अप्पांनी महाशिवरात्रीपर्यंत मुदत दिली होती. तोवर चित्रं निघाली तर ठीक, नाहीतर उन्हाळ्याच्या सीझनला दुकानात बसायचं, कायमचं.

मी विचारलं, व्होल्टेज किती दिलं?

“एक पॉइंट पंचेचाळीस.” पंगतीत कुणाला उपाशी उठू दिलं नाही, अशा अभिमानानं तो म्हणाला.

“कुणी सांगितलं एवढं द्यायला?”

“सांगायला कशाला पाहिजे? कमी व्होल्टेजनं मोटार जळते. आमच्या दुकानात येतंय ते सगळं कमी व्होल्टेजनंच जळून येतंय.”

मोटारीपुरतं त्याचं बरोबर होतं. पण प्रोसेसरचं वागणं उलटं. कमी पडलं तर तो नुसता अडून बसतो, जळत नाही. जास्त झालं तर तापतो, बंद पडतो, आणि रोज तापवला तर लवकर म्हातारा होतो. वेग वाढवला की थोडं जास्त द्यावं लागतं हे खरं, पण थोडं म्हणजे पॉइंटनंतरच्या दुसऱ्या आकड्यात. हा तर आग्रह करणाऱ्या मामीसारखा वाढतच सुटला होता.

नांदेडात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटर दुरुस्ती, हे कळल्यावर तो म्हणाला, “मग मी तुमच्याकडंच चाललोय.” चाकूरपर्यंत तो दुसऱ्याच दुकानात चालला होता.

मी त्याला पद्धत सांगितली. व्होल्टेज एक पायरी खाली आणायचं, मग तासभर प्रोसेसर पुऱ्या ताकदीनं पळवायचा आणि तापमान बघत बसायचं. एका रविवारी एकच पायरी. खरं तर दिवसात चार सहज होतात. शिवाय स्क्रीनचा फोटो पाठवला तर हे सगळं फोनवरही सांगता येतं. तेही त्यानं विचारलं. मी म्हटलं, न्हाई, गरम किती होतंय ते हातानं बघावं लागतं.

मग दर रविवारी लातूरची पहिली एसटी, घोंगडी आणि डबा. कंडक्टर डब्याला पेशंट म्हणू लागला.

जानेवारीचे दिवस. खोलीतली फरशी अशी गार की चप्पल काढवत नसे. डब्याच्या पाठीमागून पंखा गरम वारा फेकायचा, आणि आम्ही दोन स्टुलांवर बसून तिथं हात शेकायचो. पहिल्या रविवारी एक पॉइंट चाळीस, शेकोटीच होती. दुसऱ्या रविवारी पस्तीस. ऊब कमी झाली म्हणून स्टूल जवळ घ्यावं लागलं. कुणी घेतलं ते विचारू नका... दोन्ही सरकली होती.

तिसऱ्या रविवारी एक पॉइंट तीस. तासभर यंत्र पळालं, चौऱ्याहत्तर डिग्रीच्या वर गेलं नाही, कुठं अडखळलं नाही. काम संपलं होतं.

“झालं का?” त्यानं विचारलं.

मी आधारचा नंबर तीनदा तपासणारी बाई. आजवर माझा एक फॉर्म परत आलेला नाही. ती मी पडद्याकडं बघून म्हणाले, “अजून खात्री न्हाई वाटत. आता बारीक पायऱ्या लागतील.”

“किती बारीक?”

“एकेक शंभरावा भाग.”

“त्याच्याहून बारीक नसतात का?”

चौथ्या रविवारी चहा घेऊन आलेली माझी आई, भामाबाई, डब्याकडं बघत उभी राहिली. म्हणाली, याला एवढं झालंय तरी काय? माणूस असता तर एव्हाना दवाखान्यातून घरी येऊन कामाला लागला असता. रुद्रेशनं मान खाली घालून चहा प्याला. मी उगाच एक स्क्रू घट्ट केला.

सातव्या रविवारी महाशिवरात्र चार दिवसांवर आली होती. अप्पा काय म्हणतात, मी विचारलं.

“खुर्ची पुसून ठेवलीय म्हणले. दुकानातली.”

इतक्या शांतपणे म्हणाला की माझा चहा कडू झाला. त्याचे चार रविवार मी खाल्ले होते. माझ्या दोन तासांच्या सुखासाठी एक माणूस जन्मभर तांब्याची तार गुंडाळत बसणार होता. तरी मी आकडा उतरवला, एक पॉइंट सव्वीस. विसाव्या मिनिटाला पडदा निळा झाला आणि यंत्र अडून बसलं.

मागचा वारा गार पडला. शेकायला काही उरलं नव्हतं, पण आमचे हात तिथंच होते. त्याची करंगळी माझ्या करंगळीला लागली होती... आणि ती काढायचं कुणाला सुचत नव्हतं.

“रुद्रेश,” मी म्हटलं, “हे तिसऱ्या रविवारीच झालं होतं. पुढचं सगळं... मी लांबवलं.”

त्यानं पिशवीतून एक वही काढली. रिवायंडिंगवाले वेढे आणि तारेचं माप लिहितात तसली, कडा काळ्या झालेली. तिसऱ्या रविवारपुढं बरोबरची खूण होती. खाली गावांची नावं: औसा, निलंगा, रेणापूर, मुरूड.

“चार घरांची चित्रं पुरी करून दिली. सोमवारी मी आकडा परत तीसवर न्यायचो. शनिवारी तुमच्या आकड्यावर आणून ठेवायचो.”

“म्हणजे चालू यंत्र घोंगडीत घालून नांदेडला आणत होता?”

“हाव. फुल तिकीट काढून.”

“आणि ती खुर्ची?”

“ती तुमच्यासाठी पुसलीय. अप्पा म्हणले, चालू यंत्र दर रविवारी दुरुस्तीला जातंय म्हणजे बिघाड यंत्रात न्हाई. त्या मेकॅनिकबाईला घेऊन ये. बिनलोडची मोटार कुणाचीही फिरते, म्हणले. लोडवर काय करते ते बघू.”

लोड म्हणजे काय ते दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या भिंतीवर बाबासाहेब, त्यांच्या भिंतीवर बसवण्णा. त्या दोघांचं आपसात कधीच जमलं असतं. प्रश्न फोटोंखाली बसणाऱ्या माणसांचा होता.

“आणि अडून बसलं तर?” मी विचारलं.

“तर एक पायरी मागं येऊ. परत चालू करू. बंद न्हाई ठेवायचं.” मग तो डब्याकडं बघत म्हणाला, “लई आवडता तुम्ही मला.”

“मला सांगा की. डब्याला माहीत आहे.”

त्यानं मान वळवली आणि मलाच सांगितलं. दारात आई चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळची, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. म्हणाली, “जा की. पण तो डबा हितंच ठेवून जा. म्हंजे दोघांला परत यावं लागंल.”

महाशिवरात्रीला सकाळी तो मला न्यायला आला, आणि आम्ही लातूरची एसटी धरली. “आज पेशंट कुठाय?” कंडक्टरनं विचारलं. बरा झाला, रुद्रेश म्हणाला, आणि एक फुल, एक हाफ मागितलं.

खिडकी माझी होती. सात रविवार डब्याच्या खांद्यावर राहायची सवय लागलेला त्याचा हात मात्र बेघर झाला होता. लोह्याला तो सीटच्या पाठीवर आला. अहमदपूरला चार बोटं सरकला. मी बाहेर हरभऱ्याची शेतं बघत होते, अगदी मन लावून. चाकूर आलं तेव्हा कुठं तो माझ्या खांद्याला लागला.

“एवढ्या बारीक पायऱ्या कुणी शिकवल्या?” मी विचारलं.

“तुम्हीच,” तो म्हणाला. “आता तासभर तसाच ठेवायचा असतो ना?”