न फोडलेली पिशवी

मावशींचा एक नेम होता. सकाळी छापखान्यात आल्यावर पहिलं पान पूर्ण बोटांखालून जाईपर्यंत कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. सव्वीस वर्षांत तो क्वचितच मोडला होता. त्या सकाळी तो तिसऱ्या ओळीवरच मोडला.

शेजारच्या टेबलाशी कुणीतरी तोंडात रुमाल कोंबून रडत होतं.

"खारूताई?"

"काही नाही मावशी. तुमचं पान होऊ दे."

"पान कुठं पळून जात नाही. बोल."

मुलीचं खरं नाव वेगळं होतं. पण ती खारीसारखी तुरुतुरु चालायची, आणि मावशींना माणसं पावलांवरूनच ओळखू यायची. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. छापखाना होता अंध मुलांच्या पुस्तकांचा. खारूताई मजकूर टंकायची, सॉफ्टवेअर त्याचे ठिपके करायचं, छापकाकांचं यंत्र ते ठिपके जाड कागदावर उठवायचं, आणि मावशी ते बोटांनी तपासायच्या. या सगळ्यांवर संचालक. सर.

चार दिवसांपूर्वी ते सॉफ्टवेअर बंद पडलं. पडद्यावर एकच ओळ आली, ही प्रत खरी नाही. भूमितीचं पुस्तक अर्ध्यावर अडकलं.

"सरांनी पत्र दिलंय," खारूताई म्हणाली. "मी मुद्दाम नकली सॉफ्टवेअर ऑनलाइन मागवलं, संस्थेला फसवलं, म्हणून. पाच वाजेपर्यंत टेबल रिकामं करायचं. मावशी, 'फसवणूक' असं लिहिलेलं पत्र घेऊन मी कुठल्या दारात उभी राहू? मला कोण घेईल?"

"आण इकडे ते."

छापील अक्षरं मावशींच्या बोटांना लागत नाहीत. पण त्यांनी कागद उलटा केला आणि मागून हात फिरवला. पेनाचा दाब मागच्या बाजूला उमटतो.

"सही इतकी वर कशी? कागदाच्या मधोमध?"

"माझ्या नावावरूनच गेलीय. घाईत केली असेल. एवढीच किंमत माझी."

पत्राची घडी घालून मावशींनी ते स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं.

"आता रडू नकोस. मी विचारते तेवढं नीट सांग. मागवलं कुणी?"

"पान मी उघडलं. कंपनीच्या स्वतःच्या साइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. तिच्यातलं नाव घेतलं, मग ऑनलाइन बाजारात त्याच विक्रेत्याचं दुकान शोधलं. नाव दोनदा ताडून पाहिलं."

"मग बटण दाबलंस?"

"नाही. शेवटचं बटण सर दाबतात, नियमच आहे तो. पान तसंच उघडं ठेवलं, सरांना सांगितलं आणि दाताच्या डॉक्टरकडे गेले."

"आणि ऑर्डर गेली ती?"

"भलत्याच दुकानाची. त्याच पानावर वर एक जाहिरात होती. पिवळाधमक पट्टा, बोटभर मोठी अक्षरं, 'आत्ताच घ्या, चौथ्या हिश्शात'. इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी काळंबेरं, हे मला कळत नाही का? मी त्याला हात लावला नाही मावशी. पण खातं माझ्या नावाचं. कोण विश्वास ठेवणार?"

"मी ठेवते," मावशी म्हणाल्या. "पण माझ्या विश्वासानं भागणार नाही."

छापकाका यंत्राला तेल देत होते. खारूताईवर त्यांचा राग नव्हता, पण त्यांचा मेहुणा ऑनलाइन काहीबाही विकायचा, आणि सकाळपासून ते गप्प गप्प होते. मावशींनी स्टूल ओढलं.

"काका, तुमचा मेहुणा हल्ली काय विकतो?"

"मोज्यांचे जोड. आणि तेही परत येतात." काका थांबले. "कळलं तुम्हाला काय म्हणायचंय ते. नाही मावशी. माझा संबंध एवढाच, की ते पत्र मी टाइप केलं. सर सांगत गेले, मी दोन बोटांनी ठोकत गेलो. तिच्याकडे बघवत नाहीये मला."

"सर स्वतः का नाही टाइप करत?"

"चष्मा घरी राहिला होता."

"बरं. पार्सल कुणी घेतलं?"

"दारात मीच घेतलं. सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. पार्सल सरांनीच उघडायचं, हेही नियमातच. दुपारी मला हाक मारली. म्हणाले, या कार्डावरचे पंचवीस आकडे वाच आणि मोठ्या अक्षरात लिहून खारूला दे. चष्मा…"

"…घरी राहिला होता."

"तेव्हाही. मी म्हटलंसुद्धा, सर, त्याला दोरी बांधून गळ्यात अडकवा. हसले नाहीत."

"त्या आकड्यांवर चंदेरी थर असतो ना? नाण्यानं खरवडायचा?"

"खरवडलेलाच होता. सरांनीच खरवडला असणार."

"कार्ड हातात घेऊन वाचलंत?"

"छे. प्लास्टिकच्या पिशवीत होतं. पिशवीतूनच वाचलं."

मावशींचा हात स्टुलाच्या कडेवर थबकला. त्यांना एकदम उन्हात उभं राहिल्यासारखं वाटलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारायचं टाळलं. त्याचं उत्तर त्यांना नको होतं.

तरीही त्यांनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीचा आवाज थकलेला होता, हेच रोज सांगावं लागतं अशा माणसाचा.

"बाई, सॉफ्टवेअर चालू करायचा एकच किल्लीक्रमांक शंभर जणांना विकतात हे नकली विक्रेते. काही आठवडे चालतं, मग आम्हाला कळतं आणि बंद होतं. पैसे द्यायच्या आधी विक्रेता यादीत आहे का बघायचं. आणि खोकं आल्यावर दोन गोष्टी. चंदेरी थर शाबूत हवा, खरवडलेला असेल तर वापरायचंच नाही, परत पाठवायचं. आणि खऱ्या लेबलावर नागमोडी उठाव असतो. नख फिरवलं तरी कळतो."

"नख फिरवलं तरी," मावशी म्हणाल्या. "धन्यवाद बाळा."

सरांच्या खोलीत त्या तीन वाजता गेल्या. आत गेल्यावर दार लोटून घेतलं.

"सर, ते खोकं मला हवंय. आणि दोन वर्षांपूर्वीचं जुनं, खरं, तेही."

"कशाला बाई? तो विषय संपला."

"पाच वाजता संपेल."

सर उठले. मावशींनी ऐकलं. सरांची बोटं टेबलाच्या कडेवरून सरकत गेली, मग खुर्चीच्या पाठीवर, मग भिंतीवर. कपाटाची कडी त्यांना दुसऱ्या प्रयत्नात सापडली. हे आवाज मावशींना आपल्या स्वतःच्या घरातल्या आवाजांइतके ओळखीचे होते. तरी आजवर ते त्यांच्या ध्यानात कसे आले नाहीत?

त्यांनी दोन्ही खोकी मांडीवर घेतली. जुन्याच्या लेबलावर नागमोडी रेघ उठलेली होती. नव्याचं लेबल काचेसारखं गुळगुळीत. आत कार्डाची पिशवी. मावशींनी तिच्या चारही कडा चिमटीत धरून सावकाश तपासल्या. चारही बाजू चिकटवलेल्या.

"चंदेरी थर कुणी खरवडला, सर?"

"मीच. नाण्यानं."

मावशींचे कान तापले. समोरचा माणूस खोटं बोलत होता, आणि लाज त्यांना वाटत होती.

"पिशवी अजून फोडलेली नाही, सर."

सरांनी पिशवी घेतली, कडांवरून बोट फिरवलं आणि ती खाली ठेवली.

"मी सांगू?" मावशी हळू आवाजात म्हणाल्या. "चुकलं तर थांबवा. थर खरवडूनच ते कार्ड आलं. ज्याला दिसतं त्यानं खोकं उघडलं असतं तर त्याला ते दिसलं असतं. माझ्यासारखीनं उघडलं असतं तर लेबल गुळगुळीत आहे हे बोटांना कळलं असतं. काकांनी पाहिलं, पण तोवर खोकं तुम्ही उघडलं होतं, त्यांना वाटलं तुमचंच काम. म्हणजे हे खोकं पहिल्यांदा ज्यानं उघडलं, त्याला दिसत नव्हतं आणि बोटांनी बघायची सवयही नव्हती. असा माणूस या इमारतीत एकच आहे."

सर चाचपत खुर्चीत बसले.

"खारूनं पान बरोबर उघडलं होतं. तुम्ही फक्त बटण दाबायचं होतं. पण त्या पानावर तुम्हाला दिसेल एवढं मोठं एकच होतं, पिवळा पट्टा. तुम्ही त्यालाच बटण समजलात. काकांनी टाइप केलेल्या पत्रावर सही केलीत ती तिच्या नावावर. तिला वाटलं, अपमान केलात. तुम्हाला ओळच दिसत नव्हती."

"मधलं दिसत नाही," सर अखेर म्हणाले. "कडेचं थोडं दिसतं. दीड वर्ष झालं. डॉक्टर म्हणतात, आता एवढंच."

"घरी?"

"बायकोलासुद्धा नाही सांगितलं. बाई, दर वर्षी नव्या मुलांचे आईवडील येतात. मी त्यांच्यापुढे उभा राहून सांगतो, यात लाजण्यासारखं काही नाही. तीस वर्षं तेच भाषण. टाळ्या घेतो. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा तोंड लपवलं. सॉफ्टवेअर बंद पडल्यावर मला कंपनीचा फोन आला, तेव्हाच कळलं होतं बटण मी चुकलो ते. चार दिवस होते माझ्याकडे."

"डोळ्यांचं मला कळतं सर. तुम्ही आणखी दीड वर्ष लपवलं असतंत तरी मी बोलले नसते." मावशींनी पर्समधून पत्र काढून टेबलावर ठेवलं. "हे मात्र मला कळत नाही. त्या पोरीचं काय चुकलं होतं?"

"काहीच नाही."

"मग दार उघडते."

"नको," सर म्हणाले. "मी उघडतो."

या वेळी त्यांनी भिंत चाचपल्याचं लपवलं नाही. दारात उभं राहून त्यांनी दोघांना हाक मारली, आणि सगळं सांगितलं. बटण, खोकं, डोळे, चार दिवसांचं मौन. मध्ये एकदाही थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "चोर मी आहे. चोरीचा आळ तुझ्यावर घातला."

छापकाका खाकरले. "म्हणजे मी चष्म्याच्या दोरीचं बोललो ते…"

"बरोबर बोललास. चष्मा खिशातच होता. त्यानं काही होत नाही आता."

खारूताई पुढे आली. मावशींना वाटलं, रडेल. रडली नाही.

"पत्र रद्द केल्याचं दुसरं पत्र द्या," ती म्हणाली. "आणि त्यात लिहा की चूक तुमची होती. सही करताना जागा मी दाखवते. परत माझ्या नावावर नको."

त्या बोलण्याला धार होती. सरांनी मान खाली घातली, आणि तिनं धरलेल्या बोटाच्या खाली, बरोबर रेघेवर, सही केली.

मग तिनं पुन्हा यादी उघडली आणि विक्रेत्याचं नाव मोठ्यानं वाचलं. मावशींनी तिच्याकडून ते दुसऱ्यांदा वाचून घेतलं. पिवळ्या पट्ट्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. बटणापाशी आल्यावर तिनं सरांचा हात धरला नाही. "आजपासून हे मी दाबणार," एवढंच म्हणाली. नियम तिथल्या तिथं बदलला. तिनं सरांना अजून माफ केलेलं नव्हतं, आणि ते सगळ्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा त्यांच्या टेबलाशी दुसरी खुर्ची होती. कुणीतरी तिच्यात आधीच बसलेलं होतं. श्वासावरून त्यांनी ओळखलं.

त्यांनी मुलांच्या पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान काढलं, सरांचा हात हातात घेतला आणि त्यांची तर्जनी पहिल्या ठिपक्यावर ठेवली. मग स्वतःचं पान पुढे ओढलं.

नेम होता. पान संपेपर्यंत बोलायचं नव्हतं. त्या सकाळी दोघांनाही ते बरंच वाटलं.