चौथा कागद

भुंगीला नेमबाजीच्या निवड चाचणीसाठी स्वतःची बंदूक हवी होती आणि आजोबांनी वर्षभर खपून ती तयार केली होती. त्यांचा सारा जन्म बंदुका दुरुस्त करण्यात गेलेला. ही मूळची सैन्यातली. युद्ध संपलं की अशा बंदुकांचं पुढचं लांबलचक लाकूड कापायचं, दस्ता हलका करायचा, झाली खेळाची बंदूक. दोन पिढ्या हेच चालत आलेलं. आत मात्र काही बदलायचं नसतं, असं ते नातीला समजावत. बोल्ट म्हणजे दाराची कडी. पुढे ढकलायची, खाली वळवायची. सैनिकाला चिखलातही जमलं पाहिजे, म्हणून इतकी साधी.

चाचणी परवावर आली होती. सकाळी दोघं मैदानावर गेली. आजोबांनी पाच गोळ्या झाडल्या, पण शंभर पावलांवरच्या निशाणावर ओरखडासुद्धा नाही.

"आजोबा, चष्मा बदला आता," भुंगी म्हणाली.

आजोबांनी बंदूक टेबलावरच्या शिकंज्यात आवळली, बोल्ट काढला आणि मागून नळीतून पाहिलं. निशाण बरोबर मधोमध दिसत होतं. मग गोळी जाते कुठे? त्यांनी वाटेत वीस-वीस पावलांवर चार कोरे कागद उभे केले, बोल्ट परत बसवला, भुंगीशेजारी टेबलामागच्या बाकावर बसले आणि चाप ओढला.

बोल्ट खिशात टाकल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. तसं करून दोघं बघायला गेली. तीन कागदांना छातीच्या उंचीवर स्वच्छ भोकं पडली होती. चौथा कोरा. मधली वाळू सपाट, कुठे गोळी पडल्याची खूण नाही.

आजोबा भलतेच खुशीत आले. असं कोडं त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं. कागद बदलून त्यांनी दुसरी गोळी झाडली. या खेपेला दोनच भोकं.

"कशाला तरी अडतेय," भुंगी म्हणाली.

"आणि ते इकडे सरकतंय."

तिसऱ्या खेपेला एक भोक.

चौथ्या गोळीनंतर उठायची गरजच पडली नाही. सगळ्यात जवळचा कागद कोरा असल्याचं बाकावरूनच दिसत होतं.

वाळूत त्या दोघांखेरीज कुणाचं पाऊल उमटलेलं नव्हतं.

आजोबांनी बोल्ट काढला. चाचणीला क्लबची बंदूक घे, ही मी पुन्हा जोडणार नाही, असं ते म्हणाले. वर्षभर वाट पाहिलेली पोर आता हट्ट धरणार, असं त्यांना वाटलं. ती मात्र कागदाकडे पाहत होती.

वारा नव्हता. तरी कागद मधोमध मागे दबला, सैल झाला, पुन्हा दबला. समोर उभं राहून कुणी धापा टाकाव्यात तसा.

"दमलेत ते," भुंगी हळूच म्हणाली. "बंदूक मूळची त्या सैनिकाची आहे, आजोबा. घेऊ द्या त्यांना."

ती बाकावर जराशी सरकली.

मोकळी झालेली फळी करकरली आणि सावकाश खाली वाकली.