शेजारच्या सीटची अट

त्या दिवशी मी गाडी थांबवली ती पत्ता टाकायला, प्रेमात पडायला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मामा अजूनही सगळ्यांना भलतंच सांगत फिरतो.

गाडी मामाचीच. जुनी, पण बाहेरून चकचकीत. "बघ, हिच्यात नकाशा अंगचाच आहे," असं म्हणून त्याने ती माझ्या गळ्यात मारली. नकाशाची खोड मात्र सांगितली नाही. चाक फिरलं रे फिरलं की स्क्रीनवरची अक्षरं करडी होतात आणि पाटी येते – 'आपल्या सुरक्षिततेसाठी, गाडी चालू असताना पत्ता बदलता येणार नाही.' बाजूला थांबा, हँडब्रेक ओढा, मग टाका काय टाकायचं ते.

आता मी पडले जनावरांची डॉक्टर. दवाखान्याची फिरती माझ्याकडे, तीही सहा महिन्यांच्या बोलीवर. निघावं एका गाईसाठी, तर अर्ध्या वाटेत मोठ्या डॉक्टरांचा फोन, "आधी घोड्याकडे जा." फोनवर नकाशा लावावा तर शहराबाहेर रेंज नाही, आणि रेंज असते तिथे कोणाचं ना कोणाचं जनावर आजारी असतंच, फोन वाजतच राहतो. म्हणजे दिवसातून दहा वेळा थांबा आणि दहा ठिकाणी उशिरा पोचा. मोठ्या डॉक्टरांनी बजावलंच होतं, "आणखी एक तक्रार आली तर फिरती दुसऱ्याकडे." फिरती गेली की मी दवाखान्यात बसून लसींच्या नोंदी करणार. त्यासाठी का पाच वर्षं शिकले होते?

तर त्या दिवशी मी कडेला थांबून बोटाने एकेक अक्षर टोचत होते. काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच, हडकुळा माणूस, कानामागे टेस्टर खोचलेला.

"गाडी जरा पुढे घेता? आमच्या गॅरेजच्या फाटकात लावलीत."

"दोन मिनिटं. पत्ता टाकतेय."

"आत तीन गाड्या अडकल्यात."

"मग त्यांना सांगा, माझी गाडी मला चालताना पत्ता टाकू देत नाही! शेजारी माणूस बसलेला असला तरी त्यालाही टाकू देत नाही! मी काय करू?"

तो वाकला. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसला नाही. हसला असता तर मी काच वर केली असती.

"हे निघतं," तो म्हणाला.

"निघतं?"

"गाडी पळतेय हे स्क्रीनला सांगणारी एक वायर असते. तिला थोडा वेळ गप्प बसवायचं."

त्या क्षणी मला त्याचे पाय धरावेसे वाटले.

तो गाड्यांची वायरिंगची कामं करायचा. गॅरेजात त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. कितीही भार पडला तरी हा उडत नाही, म्हणून. दुसऱ्या दिवशी त्याने डॅशबोर्ड उघडला, वायर शोधली आणि गिअरजवळ एक छोटं बटण बसवलं. दाबलं की अर्धं मिनिट स्क्रीनला वाटणार, गाडी उभीच आहे. तो पुढे काहीतरी अटीचं सांगत होता, पण तेवढ्यात घोडेवाल्याचा फोन आला. मी एक कान घोड्याकडे आणि एक त्याच्याकडे ठेवून "चालेल, चालेल" म्हणून मोकळी झाले.

मग चाचणीसाठी आम्ही एक चक्कर मारली. बारीक पाऊस भुरभुरत होता. तो शेजारी बसला, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले. त्याने बटण दाबलं. चालत्या गाडीत अक्षरं ठळक झाली!

"कुठे जायचं?" त्याने विचारलं.

"कुठेही. चाचणीच आहे ना."

"कुठेही... असा पत्ता यात सापडत नाहीये," तो गंभीरपणे म्हणाला, आणि मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले, बटण दाबलं – आणि काही नाही. स्क्रीन करडी ती करडीच. चार वेळा दाबलं, एकदा बुक्की मारली. तशीच गॅरेजात गेले.

"तुमचं बटण मेलंय!"

तो तोंड उघडणार, एवढ्यात मी म्हटलं, "बोलू नका. बसा आणि बघा." तो बसला. गाडी दहा पावलं गेली, त्याने बटण दाबलं आणि अक्षरं उमटली.

"माझ्या बोटांना काय काटे आहेत?" मी म्हटलं.

"नाही," तो बोटांकडे बघून म्हणाला आणि लगेच खिडकीबाहेर बघू लागला.

दीड महिन्यात असं सहा वेळा झालं. मी चिडून जायचे, तो शेजारी बसायचा आणि बटण शहाण्या मुलासारखं वागायचं. त्याला उतरवलं की पुन्हा रुसायचं. चाचणीच्या चकरा हळूहळू लांबत गेल्या. त्याला पावसात काच थोडी खाली ठेवायला आवडतं, हे मला कळलं. मला वळण घेताना स्वतःशी बडबडायची सवय आहे, हे त्याला कळलं. एकदा गिअर टाकताना माझा हात त्याच्या हाताला लागला आणि आम्ही दोघांनीही "सॉरी" म्हटलं – जरा जास्तच घाईने. तो उतरून गेला की गाडी मोठी वाटायची. आणि त्याचाही मला राग यायचा.

"गाडी बिघडते की तू?" मामाने विचारलं.

मग तो कुत्रा आला. चाळीस किलोचा, पायाला लागलेलं. मालक स्कूटरवर मागून येणार म्हणून कुत्र्याला मी पुढच्या सीटवर बसवलं आणि एक्सरेसाठी निघाले. वाटेत सवयीने बटण दाबलं. अक्षरं उमटली!

मी हरखले. एका हाताने स्टीअरिंग, दुसऱ्याने पत्ता. तीन अक्षरं टाकून मान वर केली तर समोर सायकल, सायकलवर एक आजोबा. मी ब्रेकवर अक्षरशः उभी राहिले. गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. कुत्र्याचं नाक डॅशबोर्डवर आपटलं. आजोबा मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळाने डोकं चालायला लागलं. तो बसला की उघडते, कुत्रा बसला की उघडते... कुत्र्याला मागे बसवून गाडी हळूच पुढे घेतली, स्क्रीन बंद. परत पुढे बसवलं, उघडली. कुत्र्याला हा खेळ फार आवडला.

एक्सरे आटोपला आणि मी गॅरेजात पोचले.

"तुम्ही दीड महिना सांगितलं नाहीत, ते मला एका कुत्र्याने सांगितलं!"

तो हातातली पक्कड खाली ठेवत उठला. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डॉक्टर. शेजारच्या सीटवर वजन असेल तरच चालेल, म्हणजे शेजारचा माणूस पत्ता टाकेल. तुम्ही चालेल म्हणालात."

"मी घोड्याशी बोलत होते!"

"एकट्या माणसाला मी हे करून देत नाही. पुढून चेपलेल्या गाड्या येतात माझ्याकडे. वायरी जोडता येतात, माणसं नाही." मग खालच्या आवाजात म्हणाला, "कुत्र्याचा विचार मात्र केला नव्हता."

आजोबांची सायकल माझ्या डोळ्यांसमोर आली. मी जरा नरमले, पण जराच. "मग दुसऱ्यांदा का नाही सांगितलंत? सहाव्यांदा?"

"दुसऱ्यांदा सांगायला तोंड उघडलं होतं." तो मानेमागे हात चोळू लागला. "तुम्ही म्हणालात, बोलू नका, बसा. बसलो. आणि मग... सांगितलं असतं तर तुम्ही परत आला नसता."

आनंद झाला होता, पण संताप आधी आलेला, तो जागा सोडायला तयार नव्हता. पाय आपटत निघाले आणि त्याच तावात थेट मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मी गाडी चालवताना पत्ता बदलणार नाही. बदलायचा असेल तर थांबून बदलणार, आणि थांबायचा वेळ तुम्ही धरायचा. फिरती काढून घ्यायची तर घ्या. आज माझ्या हातून एक माणूस गेला असता."

त्यांनी चष्मा काढला. "दहा वेळा थांबावं लागतं, हे आधी का नाही बोललीस? मला वाटायचं, तू सकाळी उशिरा उठतेस." मग कुरकुरत म्हणाले, "उद्यापासून सगळे पत्ते निघायच्या आधी घेऊन जा. मधला फोन जीवावर बेतलं असेल तरच करेन."

एवढंच? नुसतं बोललं की झालं? मग मी दीड महिना वायरींशी का भांडत होते!

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गॅरेजात. "काढून टाका. कंपनीने दिली तशी करा."

त्याचा चेहरा उतरला. वीस मिनिटांत सगळं काढलं, डॅशबोर्ड बंद केला, हात पुसले.

"झालं. आता मी यायचं काही कारण उरलं नाही."

"तेच तर!" मी ओरडलेच. आतले दोघे मेकॅनिक माना वर करून बघायला लागले, बघू देत. "इतके दिवस तू वायरीच्या आडून येत होतास. आणि मीही बटणाच्या आडून बोलवत होते! आता यायचं असेल तर तसंच ये, नाहीतर नाही म्हण. मला तू आवडतोस. आणि चार वाजता मला एका वळूकडे पोचायचंय, तेव्हा काय ते लवकर बोल!"

'तू' कधी आला, मलाही कळलं नाही. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"मलासुद्धा," तो म्हणाला.

"मलासुद्धा काय?"

"मलासुद्धा... तू. पहिल्या चकरेपासून."

मग गॅरेजच्या मालकांना हाताने काहीतरी खूण करून तो गाडीत येऊन बसला आणि बेल्ट लावला. मी फाटकातून गाडी बाहेर काढली.

"वळू मारका आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग मी गाडीतच थांबतो."

"मुळीच नाही. दोर धरायला माणूस हवाय."

त्याने माझ्याकडे बघितलं, एक लांब श्वास घेतला आणि "बरं," म्हणाला. इतका वैताग मला आयुष्यात कोणी दिला नव्हता, आणि इतकं हलकंही कधी वाटलं नव्हतं.