डाव्या सीटचं वजन

त्या सोमवारी मी मार्केट यार्डात गुळाचे रवे, ढेपा म्हणा की, आणायला गेलतो. तीस किलोचा एक, धा किलोचे दोन आन् पाचाचा एक. अडत्यानं इचारलं, मिस्त्री, घरात लग्न-बिग्न काढलंय का? म्हटलं, न्हाय बाबा, गाडीत बसवायचेत. त्येला वाटलं मी चेष्टा करतोय.

पावणं, तुमची गाडी आत्ताच जॅकवर चढलीया, तासभर तरी उतरत न्हाय. मघाशी तुम्ही इचारलंसा, त्या कोपऱ्यातल्या काट्यावर ताडपत्री का टाकलीया म्हणून. बसा, सांगतो. इश्वास ठेवायचा का न्हाय ते तुमचं तुम्ही बघा. मी काय कुणाला पटवायला बसलेलो न्हाय.

माझा बा यार्डात तोलाईला हुता. चाळीस वर्सं गूळ तोलला. माणूस खोटं बोलंल, कागद खोटं बोलंल, पण झाडून-पुसून ठेवलेला काटा खोटं बोलत न्हाय, असं म्हणायचा. त्येच्या मागं मी मेस्त्रीकामात पडलो, पण काटा काय सुटला न्हाय. ह्या फरशीत चार काटे बसवलेत बगा, गाडीच्या एकेका चाकाखाली एक. पाचवा त्यो कोपऱ्यातला, यार्डातला मोठा, बानं दिलेला. त्येच्यावर नुसता डिजिटल आकडा बसवून घेतलाय.

रस्त्याची गाडी आन् ट्रॅकची गाडी ह्यात लई फरक हाय. एकाच गाडीनं दोन्ही करायचं म्हटलं, तर चारी चाकांवर वजन कसं पडतंय ते बघून एकेका शॉकअपची उंची फिरवायला लागती. आन् ते बघायचं ड्रायव्हर बसवून. आता ड्रायव्हर काय दिसभर बसून ऱ्हात न्हाय. म्हणून त्येच्या वजनाचा गूळ बसवायचा. वाळूचं पोतं पसरतं, लोखंडानं सीट फाटती. गुळाचा रवा कसा, गप बसतो. माझी ही पद्धत बघून पुण्याची पोरं हसत्यात. हसू देत की.

गाडी हुती अवंतिकाताईंची. शाहूपुरीत त्यांचं घरांची डिझाइनं करायचं ऑफिस हाय. लाल गाडी, दोन दारं, दोनच सीटा, पंचवीस वर्सांची जपानी. इचलकरंजीच्या हंबीररावांकडनं घेतली. हंबीररावांचे कापडाचे माग हायेत, तीस-चाळीस. गाडी त्यांनी जिवापाड सांभाळलेली. आम्ही दोघांनी आठ म्हैने तिच्यावर काम केलं. ब्रेक बदलले, शॉकअप बदलले, लोखंडी पिंजरा बसवला. नको ते सगळं उतरवलं. ताई स्वतः पाना धरायच्या, नखात ऑइल घेऊन ऑफिसला जायच्या. मी त्यांना एकच शिकवलं, गाडीत ज्याचा उपयोग न्हाय ते उतरवा, किलोभर का असंना.

आदल्या वर्सी ताई दुसरी गाडी घेऊन कागलच्या पुढच्या माळावरच्या ट्रॅकवर पळवायला गेलत्या. तिथं लांब सरळ रस्ता संपतो आन् एकदम उजवं वळण येतं. बाहेरनं सिमेंटची भित्त. तिथं गाडी फिरली आन् भित्तीला बसली. खांद्याचं हाड मोडलं, दोन म्हैने हात गळ्यात. तवा यंदा परत जायचं म्हटल्यावर त्यांची आई, नंदिनीबाई, एकट्याच रिक्षा करून माझ्याकडं आल्या. शाळेत शिकवलेल्या बाई, आवाज चढवत न्हाईत. म्हणाल्या, "तुम्ही गाडी बरोबर आहे म्हणालात, तरच मी तिला सोडेन. दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवलंय."

मी म्हटलं, काट्यावर घालतो आन् सांगतो.

म्हणून त्यो सोमवार. सोमवारी आमचं उद्यमनगर बंद, सगळी वर्कशॉपं. एरवी लेथ, ग्राइंडर, हातोडे, त्यांच्यापुढं दुसरं काय ऐकायला येत न्हाय. सोमवारी दुपारी मात्र समोरच्या गल्लीतलं कुत्रं जांभई देतं तेबी ऐकू येतं. असलं काम मी सोमवारीच करतो. शटर अर्धं खाली घेतलं, गाडी काट्यांवर लावली. माझ्या हिशेबानं ती मोकळी नऊशे साठ भरायला पाहिजे हुती. भरली हजार चोवीस.

चौसष्ट किलो जास्त. म्हटलं, डिकीत काय ऱ्हायलं का बघू. डिकी रिकामी. सीटांच्या खाली रिकामं. टाकीत पेट्रोल मी स्वतः मोजून घातलेलं. मग काट्यावर शंका आली. गाडी मागं घेतली, एकेका काट्यावर तिसाचा रवा ठेवला. तीस, तीस, तीस, तीस. गाडी परत लावली. परत हजार चोवीस. जास्तीचं सगळं वजन डाव्या चाकांवर. म्हणजे सरळ हाय, डाव्या सीटवर.

डाव्या सीटवर काय न्हवतं. मी हात फिरवून बघितला.

मग उजव्या सीटवर पोतं टाकून पंचावन्न किलो गूळ रचला, ताईंच्या वजनाचा, हेल्मेट धरून. उजवीकडचे आकडे वर चढले आन् थांबले. डावीकडचे थांबंनात. पन्नास ग्राम वर, पन्नास खाली, परत वर. माझ्या अंगाला तवा पैला घाम सुटला. कारण ही गोष्ट बानं मला लहानपणीच दावलेली. काट्यावर पोतं ठेव, आकडा मरतो. माणूस उभा कर, आकडा हालत ऱ्हातो. माणूस श्वास घेतो की.

आठ-धा मिनिटं मी तसाच बघत उभा ऱ्हायलो. गुळाचा वास सुटला हुता. आन् त्यात अजून एक वास... आंबूस, ओल्या पिठासारखा. सुताला खळ लावत्यात बगा मागाच्या कामात, तसला. गाडी इचलकरंजीची, ऱ्हायला आसंल वास, अशी मनाची समजूत घातली.

मग मी एक येडेपणा केला. हळूच म्हटलं, "कोन हाय?"

डावीकडचे आकडे जागच्या जागी थांबले. पार मेले. कुणी श्वास धरून बसावं तसं. मी मोजत हुतो. बारा, तेरा, चौदा... मग परत हालायला लागले.

मी भ्यालो. खोटं कशाला बोलू? शटरखालनं वाकून भायेर आलो आन् उन्हात उभा ऱ्हाऊन हंबीररावांना फोन लावला. वजनाचं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसले न्हाईत. मागं मागांचा खडखडाट चाललेला, त्यातनं म्हणाले, "डावीकडचा पट्टा लावता का?"

म्हटलं, कुणी बसत न्हाय तर पट्टा कशाला?

"आम्ही लावून ठिवायचो." मग म्हणाले, "मिस्त्री, सीट तेवढी काढू नगा. बसू द्या बसलंय ते..." आन् फोन ठेवला. परत लावला तर उचलला न्हाय. आजतागायत उचललेला न्हाय.

आता पावणं, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? माझ्यापुढं दोनच वाटा. डाव्या सीटवर काय न्हाय असं धरून शॉकअप फिरवायचे, न्हायतर काटा सांगतोय ते खरं धरून फिरवायचे. गाडीत चौसष्ट किलो बसलेलं असंल आन् मी न्हाय धरलं, तर भित्तीजवळच्या वळणाला गाडी वाकडी जाणार. बसलेलं नसंल आन् मी हाय धरलं, तरीबी वाकडी जाणार. माझा बा डोळ्यापुढं आला. मी काटा धरला. डाव्या सीटवर कोन बसलंय असं समजून चारी शॉकअप फिरवले, डावीकडचा पट्टा लावला आन् मोकळ्या रस्त्यानं चक्कर मारून आलो. ब्रेक मारला, गाडी दोरीत, सरळ रेघ. स्टेरिंग सोडलं, दोरीत. असली गाडी मी जन्मात जमवली न्हवती. रस्त्यानं डावीकडं मात्र एकदाबी बघितलं न्हाय.

संध्याकाळी नंदिनीबाईंना फोन करून सांगितलं, गाडी काट्यावर बरोबर हाय.

ताईंना मात्र काय बोललो न्हाय. हीच माझी चूक. लाज वाटली हो. सत्तावन्न वर्सांचा मेस्त्री, आठ म्हैने तिला सांगतोय की मनाचं ऐकू नका, मापाचं ऐका, आन् आता काय सांगू, सीटवर भूत बसलंय? म्हटलं, ती कशाला सीटला हात लावतीया.

रविवारी सकाळी मला मुरगूडला एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर चालू करून द्यायचा हुता. ट्रॅकवर पोचायला धा वाजले. ताईंच्या गाडीच्या तंबूत गेलो. ताडपत्रीवर डावी सीट उताणी पडलेली. शेजारी स्टीलच्या वाटीत चार बोल्ट, पुसून ठेवलेले. पट्टा गुंडाळून वर ठेवलेला. मी शिकवलं हुतं तसंच, नेटकं.

ताईंनी पहाटे उठून स्वतः काढली. उपयोग न्हाय ते उतरवा. अकरा किलो वाचले.

मी पळत सुटलो. सुरवातीच्या लाइनीपाशी पोचेपतोर झेंडा पडला हुता. हात हलवला, तिनंबी हात हलवला. तिला वाटलं मी शुभेच्छा द्यायला आलोय.

मग मी त्या वळणाकडं पळालो, भित्तीच्या मागं. गाडीचा आवाज लांबच्या टोकाला वळला, सरळ रस्त्याला लागला. डोस्क्यात एकच. सीट काढलीया. त्येला बसायला जागा न्हाय. ते उतरलं आसंल तर माझं फिरवलेलं सगळं चुकलं आन् पोरगी भित्तीवर येणार. मी जोतिबाचा गुलाल न चुकता लावणारा माणूस, पण त्या वक्ताला देवाचं नाव आलं न्हाय तोंडात. मी म्हणत हुतो, उतरू नगंस... जे कोन असशील ते, उतरू नगंस, आजच्या दिवस बस.

ब्रेक लागले. गाडीचं नाक खाली गेलं. आन् ती लाल गाडी माझ्या पुढ्यातनं अशी गेली, दोरीत, तसूभर हालली न्हाय. मी भित्तीला धरून खाली बसलो आन् रडलो. का रडलो म्हणून इचाराल तर दोन कारणं हुती, पोरगी वाचली, आन् ते उतरलं न्हाय.

त्या दिवशी ताईंनी फेरीला गेल्या वर्सीपेक्षा चार सेकंद कमी घेतले. नादखुळा पळवली. सगळे फोटो काढत हुते, आईला व्हिडिओ कॉल झाला, आई पदरानं डोळे पुसत हुत्या. गाडीतनं उतरताना ताई तेवढं म्हणाल्या, "काका, खांद्याचा पट्टा फार घट्ट बसलाय का? खूप ओढल्यासारखं होतंय."

सोमवारी दुपारी त्या गाडी घेऊन आल्या. मागनं ऑफिसातला एकजण त्यांची स्कूटर सोडून गेला. परत सगळं बंद, परत तसलीच शांतता. गाडी काट्यांवर घेतली. पेट्रोल परत मापात घातलं. सीट न्हवतीच, ती वजा धरली. नऊशे एकोणपन्नास. चारी आकडे मेलेले. हजार चोवीस न्हाय, काय न्हाय. मी परत परत बघितलं. सुटलो म्हटलं, गेलं ते, माळावर कुठंतरी उतरलं. मला इतकं हलकं वाटलं की मी ताईंसाठी चहा सांगितला, संगट खारी सांगितली.

चहा येईपतोर त्या हिकडं तिकडं फिरत हुत्या. खुशीत हुत्या. बोलता बोलता त्या कोपऱ्यातल्या मोठ्या काट्यावर चढल्या. म्हणाल्या, बघू, आठ महिन्यांत माझं किती उतरलं.

एकशे सतरा.

ताई हेल्मेट सोडून त्रेपन्न किलोच्या, वर तेच चौसष्ट. मी त्यांच्या मापाचा गूळ आणलेला, मला ठावं न्हाय व्हय? आकडा हालत हुता. एका लयीत न्हाय, दोन लयीत. एक उथळ, एक सावकाश. आन् चहाच्या आधी खळीचा वास आला.

ताई खळखळून हसल्या. "काका, तुमचा काटा बिघडला."

मी आकड्याकडं बघितलं. बाचा फोटो काट्याच्या वरच लावलाय, त्येच्याकडं बघायचं धाडस झालं न्हाय. काय सांगू तिला? काल ज्येच्या जिवावर ती वळणातनं निघाली, ते आता तिच्या खांद्यावर हाय म्हणून सांगू? आन् मीच त्येला बस म्हणून हात जोडले म्हणून सांगू?

म्हटलं, "व्हय ताई. बिघडलाय."

चहा पिऊन त्या निघाल्या. त्या भायेर पडायच्या आधी मी काट्यावर तिसाचा रवा ठेवला. तीस आला, आन् गप बसला. मी त्येच्यावर ताडपत्री टाकली आन् शटरपतोर आलो.

ताईंनी हेल्मेट घातलं, स्कूटर स्टँडवरनं काढली, वर बसल्या. मग जरा थांबल्या. पाठीवरची पिशवी काढून पुढं घेतली आन् स्वतः सीटवर पुढं सरकल्या, मागच्याला जागा करून देतो बगा आपण, तशा. का सरकल्या ते त्यांनाबी ठावं नसंल. स्कूटरचं मागचं चाक खाली दबलं. मला हात करून त्या शाहूपुरीकडं निघून गेल्या.