तीन पट्ट्या आणि एक संत्रा

फोटो काढायला आलेली मृणाल स्टुडिओच्या दारातच थांबली.

समोरच्या भिंतीवर तीन फ्रेम होत्या. प्रत्येकीत एक संत्रा, शेजारी लाकडी पट्टी. पहिलीवर तो तीन इंच भरत होता, दुसरीवर पाच, तिसरीवर नऊ.

"तिन्ही सारखेच दिसून राहिले. मग आकडे वेगळे कसे?"

"एकच संत्रा आहे, मॅडम. पट्ट्या मी बनवल्या." पंकजने कॅमेऱ्यामागून डोकं काढलं. "संत्र्याले सगळे निरखतात. पट्टीले कोणी विचारत नाही."

"म्हणजे खोटे फोटो!"

"फोटो खरे आहेत. पट्टी... तिचं तिलेच माहीत."

सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मृणालला रागावायचं होतं, पण हसू आलं. बाहेर नागपूरला जाणारा ट्रक भरत होता. संत्र्यांचा आंबटगोड वास आत येत होता आणि हिवाळ्याचं ऊन फ्रेमांवरून हळूहळू सरकत होतं.

"कसा फोटो पाहिजे?"

"स्थळासाठी... उभा." ती अडखळली. "छिंदवाड्याचे लोक आहेत. त्यायले पोरगी पाच फूट तीनच पाहिजे. आईनं बायोडाट्यात तेच लिहून टाकलं. मी पाच फूट एक इंच आहे."

मुलाकडचे मागत म्हणून इथे स्थळाचे फोटो उंचीच्या पट्टीशेजारी निघत. पंकजने तिला तिथे उभं केलं. क्लिक. पडद्यावर मृणाल बरोबर पाच-तीन!

"ही पण तुम्हीच बनवली?"

"काल तुमच्या आईचा फोन आला होता. इंच जरा बारीक केले... पाठवू?"

"पाठवा नं. कायले थांबले?"

पंकज लेन्स पुसत राहिला. ती स्वच्छच होती.

"हा फोटो गेला, की तुम्ही छिंदवाड्याले जाल. रोज तुम्हाले समोर बसमधून उतरताना पाहून राहिलो. वाटलं, विज्ञानाच्या मॅडम आहेत, चुकीची पट्टी दिसली तर भांडायले तरी आत येतील... म्हणून ते फोटो दारासमोर लावले. आणि आज आल्या, तर याच्यासाठी."

मृणाल भिंतीकडे गेली. तिने उंचीची पट्टी खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि कोरी बाजू पुढे करून पुन्हा टांगली.

"टायमर लावा. आणि या — इथं उभे राहा, माझ्याशेजारी."

क्लिक.

"आता वाचा. किती?"

पंकजने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"माझ्या... खांद्याएवढी."

"बरोबर." मृणालने ओढणी सावरली. "आईचा नंबर आहेच तुमच्याकडे. हाच पाठवा."