गेरूचा आकडा

लाइट गेलीच आहे, तर बसा. दार लावताना मी आधी चौकट का चाचपतो, ते विचारत होतात ना?

नव्वद सालचा मे. मी तेव्हा पाथरीत मास्तर. जनगणनेआधी घरांवर नंबर टाकायचे होते, आणि सुट्टीतल्या मास्तराला कोण सोडतो? गेरूचा डबा घेऊन जवळच्या एका गावी गेलो. भर दुपारी शेवटचं घर लागलं, वेशीजवळचं. तिथं बायनाबाई नावाची म्हातारी एकटीच राहायची. मी दारावर ६२ काढला, तशी ती ओलं फडकं घेऊन पुसायला लागली.

"कागदावर काय बी लिवा, मास्तर. दाराला खूण नको."

"का हो?"

"खूण दिसली की ते येतेत."

साडेचारशे वर्षांपूर्वी पाथरीसाठी निजामशाही आणि इमादशाही भांडल्या, हे मी वर्गात दोन ओळींत उरकायचो. म्हातारी मात्र काल घडल्यासारखं सांगू लागली. एक फौज धान्य घेऊन जायची. मग दुसरी यायची आणि विचारायची, त्यांना खायला कुणी घातलं? गावातलाच एखादा लिहिता माणूस पुढं घालायचे. तो दारांवर गेरू लावायचा आणि फौज ती घरं पेटवायची.

"त्या माणसाचं काय झालं?"

"समदी दारं संपल्यावर त्याच्याच दाराला गेरू दिसला. कुणी लावला, कुणालाच ठाव न्हाई."

मला हसू आलं.

"हसायलाव का? मला येवढं एकच घर हाय, मास्तर…"

दुसऱ्या दिवशी साहेब तपासायला येणार होते. मी तिच्यावर खेकसलो, फडकं हिसकावून फेकलं आणि पुन्हा ठळक ६२ काढला. आजही त्याची लाज वाटते.

वेशीबाहेर लिंबाखाली एसटीची वाट बघत उभा राहिलो. वारा पडला. कुत्री गप्प झाली. आधी वास आला, घोड्यांच्या घामाचा आणि जळक्या कडब्याचा. मग टापा. दहा, वीस, मग मोजता येईनात. रस्ता मात्र रिकामा होता, धूळसुद्धा उडत नव्हती. आवाज माझ्या अंगावरून गावात शिरला, गल्लीगल्लीतून फिरला आणि वेशीजवळ परत येऊन थांबला.

मी धावलो. वेशीतून दिसणाऱ्या प्रत्येक दारावर ओला डाग होता. माझी पाठ फिरताच सगळ्यांनी नंबर पुसले होते. राहिलं होतं ते एकच दार, बायनाबाईचं. मी सदरा काढला आणि रडत रडत तो आकडा घासला. गेरू गरम लागत होता.

टापा दूर गेल्या. दार किलकिलं झालं.

"पुसलं?"

"पुसलं, आजी."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "मग आता… घरी जाऊ नका, मास्तर."

गेलो. जाणार कुठं? माझ्या खोलीच्या दारावर ओल्या गेरूत ६३ होता. अक्षर माझंच.

तेव्हापासून तीन बदल्या मागून घेतल्या. पालम, झरी, आता हे पिंगळी. शाह्या कधीच मातीत गेल्या, पण लिहिता माणूस त्यांना अजून लागतो की काय, असं वाटतं. रोज दार पुसतो. आज संध्याकाळीही पुसलं.

तुम्ही आत येताना चौकटीला हात टेकला होतात ना? जरा बोटं दिव्याजवळ धरा बघू…